भिंतीतली मडकी: आवाज वाढवतात की खातात?

आजचा भाग मडक्यांवर आहे. हो, कुंभाराच्या चाकावरची साधी मातीची मडकी. फक्त ही मडकी स्वयंपाकघरात नाहीत, युरोपातल्या जुन्या चर्चच्या भिंतींत आहेत. दगडांमध्ये आडवी चिणलेली, पोट भिंतीत आणि तोंड चर्चच्या आत उघडं. खालून बघितलं तर फक्त काळी गोल भोकं दिसतात, बऱ्याचदा उंचावर, कमानीजवळ. बघणाऱ्याला वाटतं परांची बांधायला ठेवलेली भोकं असतील, नाहीतर कबुतरांची सोय. फ्रान्समध्ये अशी चर्च भरपूर आहेत. इंग्लंड, डेन्मार्क, स्वीडन, रशिया, सगळीकडे सापडतात.

ही मडकी तिथे का ठेवली? याचं नेहमीचं उत्तर एका वाक्याचं आहे: गाणं चांगलं घुमावं म्हणून. इंटरनेटवर कुठेही शोधा, हेच मिळेल, वर 'बघा पूर्वीच्या लोकांचं विज्ञान' ही फोडणी. मला या उत्तरापेक्षा एका माणसाची शंका जास्त आवडते. हा माणूस ती मडकी बसवली तेव्हा त्याच मठातला होता आणि त्यानं जे लिहून ठेवलंय ते वाचताना मला आमच्या टीममधला एखादा वैतागलेला टेस्टर आठवतो.

साल 1432. गाव मेत्झ, आजच्या फ्रान्सच्या ईशान्येला. (फ्रेंच लोक उच्चार 'मेस' असा करतात, जेवायच्या मेसशी संबंध नाही.) तिथे सेलेस्टाइन पंथाच्या साधूंचा मठ होता. या लोकांचा दिवस म्हणजे गाणं. पहाटे अंधारात एकदा, मग दिवसभरात ठरलेल्या वेळांना, असं रोज सात-आठ वेळा चर्चमध्ये जमून प्रार्थना गायची. पावसाळा-हिवाळा काही नाही, आयुष्यभर. त्या प्रार्थनांना लॅटिनमध्ये शब्दच 'ऑफिशियम' आहे, आपलं ऑफिस त्यातूनच आलं. तर या लोकांसाठी चर्चचा आवाज म्हणजे शोभेची गोष्ट नव्हती. ते त्यांचं कामाचं ठिकाण होतं आणि आवाज हे कामाचं साधन.

मठाचे प्रमुख होते ओद ल रुआ. ते पंथाच्या मोठ्या बैठकीला जाऊन परत आले आणि आल्यावर त्यांनी हुकूम दिला की आपल्या चर्चमध्ये, जिथे गायक उभे राहतात त्या भागात, मडकी बसवायची. कारण? त्यांनी दुसऱ्या कुठल्या तरी चर्चमध्ये ती पाहिली होती आणि त्यांना वाटलं की त्यानं गाणं सुधारेल, जास्त घुमेल. मठाच्या बखरीत हे सगळं नोंदलंय. काम कधी केलं तेही आहे: मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या आदल्या दिवशी. हा सण 15 ऑगस्टला असतो, म्हणजे 14 ऑगस्ट. हवे तेवढे कामगार लावले आणि सगळी मडकी एका दिवसात बसवली.

ज्यांनी कधी कोड प्रॉडक्शनवर टाकलाय त्यांना इथे घाम फुटला असेल. वर्षातल्या मोठ्या सणाच्या आदल्या दिवशी, एका दिवसात, सगळं एकदम! थोडी बसवून बघू, फरक पडतो का ऐकू, मग बाकीची, असं काही नाही. साहेब कॉन्फरन्सला गेले, तिथे काहीतरी पाहिलं, सोमवारी आल्या आल्या 'आपल्याकडे पण पाहिजे'.

आता बखरकार. तो लिहितो की आम्ही पूर्वीपेक्षा चांगलं गातो की नाही, मला काही कळत नाही. पुढे लिहितो की भिंतींना मात्र चांगलाच हादरा बसला, त्या खिळखिळ्या झाल्या. मठात येणारे पाहुणे हे काय केलंय म्हणून चकित होतात. काही तर म्हणतात की मडकी बाहेर असती तर बरं झालं असतं. भोळ्याभाबड्यांना फसवायला ठेवलीत अशीही कुजबुज आहे, तीसुद्धा त्यानं लिहून ठेवलीय. आपल्याच मठप्रमुखाच्या निर्णयाबद्दल, मठाच्याच बखरीत!

ही नोंद फार मोलाची आहे, दोन कारणांनी. एक म्हणजे मडकी आवाजासाठीच बसवली हे एका समकालीन माणसानं स्पष्ट सांगितलंय. हे महत्त्वाचं आहे, कारण भिंतीत किंवा छतात मडकं सापडलं म्हणजे ते आवाजासाठीच, असं अजिबात नाही. रोमन लोक कमानीत पोकळ मडकी घालायचे ते वजन कमी करायला. रोममध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईची, हेलेनाची समाधी आहे. तिच्या छतातली मडकी पुढे उघडी पडली आणि लोकांनी त्या जागेचं नावच 'तोर पिन्यातारा' पाडलं. पिन्यात्ता म्हणजे मडकं. रोमचा तो भाग आजही त्याच नावानं ओळखला जातो. ही मडकी पूर्ण बांधकामात गाडलेली, त्यांचा गाण्याशी संबंध नाही. म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा विचारायचा: मडक्याचं तोंड आत उघडं आहे का?

दुसरं कारण म्हणजे ती शंका. ज्याच्याकडे मोजायला काहीच साधन नव्हतं, त्यानं 'मला फरक कळत नाही' एवढं प्रामाणिकपणे लिहिलं. आपण मात्र सहाशे वर्षांनी, हातात मोजमापाची सगळी साधनं असताना, 'घुमतं घुमतं' करत बसलोय.

ही कल्पना आली कुठून? त्यासाठी आणखी जवळजवळ दीड हजार वर्षं मागे जाऊ. व्हिट्रुव्हियस नावाचा रोमन वास्तुविशारद होता, इसवी सनपूर्व पहिल्या शतकातला. त्यानं वास्तुशास्त्रावर दहा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या पाचव्या भागात नाट्यगृहांबद्दल लिहिताना तो सांगतो की प्रेक्षकांच्या बैठकींमध्ये कोनाडे करायचे आणि त्यात काशाची भांडी ठेवायची. भांडं पालथं, एका बाजूनं पाचर लावून उचललेलं, भिंतीला कुठेही न टेकता. भांडी सुरात लावलेली हवीत, ठरावीक अंतरांच्या स्वरांची. आपल्या भाषेत सा-म, सा-प, सा आणि वरचा सा असं धरा. रंगमंचावरून आवाज आला की आपापल्या स्वराचं भांडं जागं होणार आणि आवाज स्वच्छ, गोड होणार, अशी कल्पना.

गंमत म्हणजे तोच पुढे कबूल करतो की रोममध्ये असं एकही नाट्यगृह नाही. मग पुरावा काय? तर मम्मियस नावाच्या रोमन सेनापतीनं ग्रीसमधलं कॉरिंथ लुटलं (इसवी सनपूर्व 146), तेव्हा तिथल्या नाट्यगृहातली भांडी त्यानं रोमला आणून देवळात वाहिली. शिवाय छोट्या गावांत पैसे कमी म्हणून लोक काशाऐवजी मातीची मडकी वापरतात आणि त्यांचंही छान चालतं, असं तो म्हणतो. म्हणजे काय, 'आमच्याकडे नाही, पण तिकडे होतं म्हणे'. मेत्झच्या मठप्रमुखांचंही तेच होतं की.

व्हिट्रुव्हियसचा ग्रंथ मध्ययुगात मठांमधून नकलून ठेवला जायचा, तेव्हा कल्पना त्यातून झिरपली असणं शक्य आहे. पण बखरीतलं कारण बघा: ग्रंथात वाचलं असं नाही, दुसऱ्या चर्चमध्ये पाहिलं. माझ्या मते पसरण्याचा खरा रस्ता हाच. ग्रंथ थोडे लोक वाचतात, शेजाऱ्याचं घर सगळे बघतात.

आणि इथे एक मोठी गडबड आहे. व्हिट्रुव्हियसचं नाट्यगृह उघडं, वर आकाश. तिथे अडचण ही की आवाज निघून जातो. दगडी चर्चमध्ये अडचण नेमकी उलटी, आवाज जातच नाही! दगड आवाज शोषत नाही, विशेषतः खालचे, जाड स्वर. एक शब्द गायलात की तो चार-पाच सेकंद वर फिरत राहतो, तोवर तुम्ही पुढच्या ओळीवर गेलेले असता. एखाद्या रिकाम्या मोठ्या हॉलमध्ये माइकवरची घोषणा ऐकून बघा, एक अक्षर कळत नाही, तसं. तर उघड्या नाट्यगृहासाठी सुचवलेला उपाय बंदिस्त दगडी इमारतीत आला. रोग उलटा, औषध तेच.

पण थांबा, औषध खरंच तेच काम करतं का? आता थोडं विज्ञान, घाबरू नका.

कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की 'हूंऽऽ' असा एकच स्वर येतो. बाटलीच्या गळ्यातली हवा म्हणजे एक बूच समजा आणि पोटातली हवा म्हणजे स्प्रिंग. बूच स्प्रिंगवर वरखाली नाचतं, ठरावीक वेगानं. पोट मोठं तर स्वर खाली, तोंड मोठं तर स्वर वर, गळा लांब तर परत खाली. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं हे गणित बसवलं. हा शिकला डॉक्टरकी, डोळ्याच्या आत बघायचं उपकरणही त्याचंच, आणि 1863 मध्ये त्यानं स्वरांवर ग्रंथ लिहिला जो आजही वाचला जातो. अशा पोकळ भांड्याला त्याच्याच नावानं हेल्महोल्ट्झ रेझोनेटर म्हणतात. सूत्रात आकडे घालून बघू: पाच लिटरचं मडकं, तोंड आठ सेंटीमीटर रुंद, गळा आठेक सेंटीमीटर. उत्तर येतं साधारण 150 हर्ट्झ. आपल्याकडे पुरुष गायक बऱ्याचदा काळी एकमध्ये गातात, तिथला सा असतो जवळपास 139 हर्ट्झ. म्हणजे मडकं बरोबर पुरुषी आवाजाच्या टापूत बसलं.

इथपर्यंत सगळं मडक्याच्या बाजूनं. आता मडक्यासमोर त्याचाच स्वर गायला की आतली हवा जोरात डोलायला लागते, झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिल्यासारखी. पण ती ऊर्जा आली कुठून? खोलीतूनच. मडक्यात बॅटरी नाही. ते खोलीतला आवाज पितं, त्यातला काही भाग गळ्याच्या घर्षणात आणि मातीच्या छिद्रांत उष्णता होऊन जातो, उरलेला परत बाहेर पडतो. एकूण हिशेबात खोलीतला आवाज कमीच होणार, वाढणार नाही. म्हणजे हा अँप्लिफायर नाही, हा शोषक आहे. आजच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत कोपऱ्यांत बास ट्रॅप लावतात, खालचे स्वर खायला. त्यातले काही प्रकार याच तत्त्वावर चालतात.

मग इतक्या लोकांना ते आवाज वाढवतं असं का वाटलं? याचं उत्तर मला फार आवडतं. एखादं मडकं घ्या, त्याच्या तोंडापाशी कान न्या आणि कुणाला तरी हळूहळू सूर चढवत गायला सांगा. एका सुराला मडक्यातून आवाज एकदम मोठा येईल, अक्षरशः अंगावर. हेल्महोल्ट्झ स्वतः हेच करायचा. त्यानं काचेचे, धातूचे गोळे बनवून घेतले होते, एका बाजूचं निमुळतं टोक कानात घालायचं, की हजार आवाजांतून तो एकच स्वर वेगळा ऐकू यायचा. म्हणजे मडक्याच्या आत आवाज वाढतो हे खरंच आहे. कुठल्याही कुंभाराला, गवंड्याला, साधूला ते अनुभवानं माहीत असणार. फक्त त्यांनी कान मडक्याला लावून चाचणी घेतली आणि दावा पूर्ण चर्चबद्दल केला. ऐकणारे तर वीस-तीस फूट खाली उभे.

बरं, शोषक तर शोषक. चर्चमध्ये आवाज जास्तच घुमतो म्हटल्यावर खालचे स्वर थोडे खाल्ले तर उलट फायदाच ना? चुकीच्या कारणासाठी बसवली पण काम बरोबर झालं, असं असेल तर गोष्ट किती छान होईल! मीही आधी याच आशेवर होतो. म्हणून हिशेब करून बघितला.

आवाज विरायला किती वेळ लागतो याचं सूत्र हार्वर्डच्या वॉलेस सॅबिननं काढलं. 1895 मध्ये त्याला विद्यापीठातला एक नवा लेक्चर हॉल दुरुस्त करायला सांगितला होता, तिथे घुमण्यामुळे कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. त्यानं दुसऱ्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, हॉलमध्ये एक-एक वाढवत गेला आणि ऑर्गनची एक नळी वाजवून, घड्याळ हातात धरून आवाज विरायला लागणारा वेळ मोजत बसला. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत जागेवर. रात्रीमागून रात्री हेच. 'आवाज किती घुमतो' या प्रश्नाला आकडा मिळाला तो असा. मेत्झच्या बखरकाराला नेमकं हेच हवं होतं, पण साडेचारशे वर्षं उशीर झाला.

तर हिशेब. मध्यम चर्च घ्या, 3000 घनमीटरचं, आवाज विरायला 4 सेकंद. सॅबिनच्या सूत्रानं त्या चर्चची एकूण शोषणक्षमता येते सुमारे 120 चौरस मीटर. म्हणजे 120 चौरस मीटरची उघडी खिडकी असल्यासारखी. आता भिंतीतलं एक मडकं 200 हर्ट्झला जास्तीत जास्त किती शोषू शकतं? गणितानं वरची मर्यादा येते 0.47 चौरस मीटर. अर्ध्या मीटरलाही कमी, आणि तेही मडकं अगदी आदर्श असेल तर. अशी वीस मडकी, सगळी एकाच सुराची, सगळी आदर्श: 9 चौरस मीटरच्या वर थोडं. 4 सेकंदांचे झाले 3.7. एवढा फरक लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळेल, पण फक्त त्या एका सुराला. वरखाली थोडं सरकलात की मडकी झोपलेली.

प्रत्यक्षात तर मडकी बाजारातून आणलेली, प्रत्येकाचं पोट वेगळं, सूर वेगळा. गायकाच्या एका सुराला वीसातली चारच जागी होतील. मग 4 सेकंदांचे होतात 3.94. हा फरक कुणाच्या बापाला कळणार नाही. मडकी शेकड्यांनी असतील, चर्च लहान असेल, तर गोष्ट वेगळी. पण बखरकाराचं 'मला काही कळत नाही' हे गणितात इतकं चपखल बसलं, की मी लॅपटॉपसमोर जोरात हसलो.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही त्या सोप्या उत्तरवाल्यांसारखाच. डेन्मार्क-स्वीडनकडच्या काही चर्चमधल्या मडक्यांत राख सापडल्याच्या नोंदी आहेत. राख घातली तर मडकं जरा वेगळं वागतं, एका सुराला कडकडून जागं होण्याऐवजी आजूबाजूच्या सुरांनाही थोडा-थोडा प्रतिसाद देतं. शोषक म्हणून हे चांगलंच. काही ध्वनितज्ज्ञांना यात मुद्दाम केलेली योजना दिसते. मला खात्री वाटत नाही, शेकडो वर्षांत उघड्या तोंडाच्या मडक्यात काय काय पडत असेल. पण तिथला एखादा गवंडी मेत्झच्या प्रमुखांपेक्षा हुशार होता, ही शक्यता मी पुसून टाकत नाही. इंग्लंडमध्ये नॉरिच शहरातल्या सेंट पीटर मॅनक्रॉफ्ट चर्चमध्ये मडकी वर नाहीत, गायकांच्या बाकांखाली आहेत. ऐकणाऱ्याच्या इतक्या जवळ असल्यावर परिणाम कसा होतो, हा प्रश्न माझ्या वरच्या सरासरी हिशेबात येतच नाही.

रशियात तर या मडक्यांना नावच आहे 'गोलोस्निक', 'गोलोस' म्हणजे आवाज यावरून. पण तिथे ती बऱ्याचदा कमानीच्या खांद्यावर असतात, म्हणजे वजन कमी करणं हेही एक काम होतंच. इस्तंबूलमध्ये सिनाननं 1550च्या दशकात बांधलेल्या सुलेमानिया मशिदीच्या घुमटातही अशी तोंड उघडी असलेली मडकी आहेत. एकाच मडक्यानं दोन कामं केली तर गवंडी कशाला नाही म्हणेल?

19व्या शतकात युरोपात जुन्या इमारतींची डागडुजी जोरात सुरू झाली, प्लास्टर निघालं आणि मडकी एकामागून एक बाहेर आली. तेव्हाही भांडणं झाली. 1880च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये गॉर्डन हिल्स नावाच्या वास्तुविशारदानं या विषयावर निबंध वाचला, त्याच्या शीर्षकातच अशा अर्थाचा चिमटा होता की मडकी, 'ज्यांना ध्वनिपात्रं म्हटलं गेलंय'. म्हटलं गेलंय! बखरकाराचा वारस म्हणायला हरकत नाही.

अलीकडे फ्रान्समध्ये ज्याँ-क्रिस्तोफ वालिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चमधली मडकी जागेवर जाऊन मोजली, त्यावरचा त्यांचा पेपर 2013 चा आहे. बरेच सूर पुरुषी गायनाच्या पट्ट्यात येतात. हे वाचून पहिल्यांदा वाटतं, बघा, मुद्दाम निवडली होती! पण मघाचं पाच लिटरचं उदाहरण आठवा. दूध, तेल, पाणी ठेवायला माणूस ज्या मापाचं मडकं करतो, त्याचा सूर तसाही तिथेच येतो. कुठल्याही कुंभारवाड्यात जा, दहा मडकी उचला, तोंडावर फुंकर मारा. (विकत घ्या मात्र, नुसती फुंकून परत ठेवू नका.)

तुमच्यापैकी जे जर्मनी, फ्रान्स, डेन्मार्ककडे ऑनसाइट किंवा शिकायला आहेत, त्यांनी जुन्या गावातल्या चर्चमध्ये गेल्यावर मान वर करून कमानीच्या आसपास गोल भोकं शोधा. दिसली तर तिथल्या माणसाला विचारा, आत मडकं आहे की पोकळी. बऱ्याच ठिकाणी नंतरच्या दुरुस्तीत तोंडं चुन्यानं बुजवून टाकलीत, तेव्हा नीट बघा, प्लास्टरवर फिकट गोल डाग राहिलेला असू शकतो. फोटो काढलात तर आम्हाला पाठवा, आणि आजूबाजूच्या भिंतीला तडे आहेत का तेही बघा, आमच्या बखरकारासाठी.